शोध बंद, वेळ पाच चाळीस

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
साहसी मोहीम अपघात चौकशी कक्ष, पुणे.

विषय : कालकथित सम्राट कोंडिबा ओव्हाळ याच्या कागदातून ‘कुटुंबाची संमती’ हे शब्द काढणेबाबत, न काढल्यास अर्जदारावर चौकशी बसवणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. ११ ऑक्टोबर २००४, ‘प्रकरण दप्तरी दाखल’.

अर्जदार : कोंडिबा भिवा ओव्हाळ, वय ६१, निवृत्त केबिनमन, रा. दौंड, मूळ गाव निमोणे, ता. शिरूर.

महोदय,

अर्जदार सांगतो आणि खाली सही करणारा अर्जलेखक लिहितो. अर्ज दौंडात लिहून घेतला असता तर संध्याकाळपर्यंत रेल्वे कॉलनीत बोभाटा झाला असता, म्हणून म्हातारा एसटीने शिरूरला आला आहे.

१) सम्राट हा अर्जदाराचा एकुलता मुलगा, वय २६, रेल्वेत फिटर. सुट्टी मिळाली की डोंगर. इकडचे कडे पुरेनात म्हणून ऑगस्ट २००३ मध्ये पाच पोरांनी हिमाचलातले एक बर्फाचे शिखर धरले. मोटाररस्ता सुटल्यावर दोन दिवस पायी, पुढे हिमनदीवर दोन मुक्काम, मग शिखर, वीस हजार फूट. अर्जदाराने ‘जा’ म्हटले नाही, ‘नको’ही म्हटले नाही. कमावत्या पोराच्या कामात बापाने किती नाक खुपसायचे, असे त्याचे म्हणणे.

२) दि. २८ ऑगस्टला वरच्या मुक्कामावरून शिखराकडे जाताना सम्राट बर्फाच्या भेगेत पडला. सोबत्यांनी हाका मारल्या, दोर सोडले. दोन दिवस शोधूनही आतून आवाज आला नाही. बोटे काळी पडली तेव्हा तंबू तिथेच उभा ठेवून पोरे खाली निघाली. त्यांना दोष नाही, हे अर्जदाराने दोनदा लिहायला सांगितले. सरकारी बचाव तुकडी मात्र निघालेली होती आणि तंबूपासून दोन मुक्काम खाली होती.

३) पायथ्याच्या गावात वायरलेस आणि फोन सांभाळायला सुमित रणपिसे हा सोबती बसला होता. दि. ३० रोजी संध्याकाळी त्याने दौंडच्या एसटीडी बूथवर अर्जदाराला बोलावून घेतले. तो रडत होता. ‘आबा, आता काय उरलं न्हाई म्हनत्यात. शोध बंद करायचा, तुकडी माघारी धाडायची,’ असे तो बोलला. त्यावर अर्जदाराने उत्तर दिले, ‘शोध बंद. तुकडी माघारी. वेळ पाच चाळीस. कोंडिबा, दौंड.’ आणि फोन ठेवला. सुमितने पुढे कळवले, घरच्यांची संमती आहे. तुकडी फिरली.

४) येथे खुलासा असा की अर्जदाराने एकतीस वर्षे रेल्वेच्या सिग्नल केबिनीत काढली. तिथे फोनवर निरोप आला की तोच शब्दन् शब्द परत म्हणायचा, वेळ सांगायची, नाव सांगायचे. त्याचा अर्थ ‘ऐकले’ एवढाच. ‘कबूल’ म्हणायचे तर तक्त्यातला प्रायव्हेट नंबर, म्हणजे एकदाच वापरायचा गुप्त आकडा, द्यावा लागतो आणि तो लगेच खोडावा लागतो. अर्जदाराने सुमितला कोणताही नंबर दिलेला नाही. सबब संमती झालीच नाही. अर्जलेखकाने समजावून पाहिले, की अहो आबा, सुमित निमोण्याचा शेतकरी, त्याला तुमच्या केबिनीचे कायदे काय ठाऊक? अर्जदार म्हणाला, ‘त्येला न्हाई ठावं. मला तर ठावं हुतं ना? लिव्हा.’ म्हणून लिहिले.

५) यंदा जुलैत दुसरी एक मोहीम त्या वाटेने गेली. तंबू उभा होता. आत सम्राट होता आणि त्याची वही होती. वहीप्रमाणे तो भेगेत शुद्धीवर आल्यावर ३० तारखेच्या रात्री वर आला होता आणि मोडका पाय ओढत तंबूपर्यंत पोचला होता. वहीत आहे : ‘१ सप्टेंबर. ऊन आहे. स्टोव्ह पेटला. आज माणसे येतील.’ ‘२ सप्टेंबर. बिस्किटे एक पुडा. उद्या नक्की.’ ‘३ सप्टेंबर. येतील.’ पुढची पाने कोरी आहेत. तुकडी १ तारखेला तंबूशी पोचली असती. हा हिशेब अर्जदार रोज करतो आणि रोज तो तेवढाच येतो.

६) अर्जदार नोकरीत असताना एकदा मालगाडीची एक रिकामी वाघीण रुळावरून घसरली. माणूस सोडा, कोंबडीसुद्धा मेली नाही. तरी तीन जबान्या झाल्या आणि अर्जदाराची वेतनवाढ रोखली गेली. इथे पोटचे पोर गेले आणि आपले पत्र म्हणते, कोणाचाही दोष दिसून येत नाही. साहेब, राग मानू नये, पण हे कसे?

७) अर्जदाराची पत्नी ताईबाई हिने वही वाचली. त्याच दिवशी ती निमोण्याला गेली आणि सुमितच्या दारात उभी राहून, ‘माझ्या लेकाला जित्ता टाकून आलास, तुझं तळपट हुईल,’ असे सगळ्या आळीसमोर बोलली. सुमितची म्हातारी आई पाया पडली. सुमित खाली मान घालून उभा राहिला. ‘आबांनीच फोनवर सांगितले,’ एवढे म्हणाला असता तर तो सुटला असता. तो बोलला नाही. अर्जदार ताईबाईच्या मागे चार पावलांवर होता. तोही बोलला नाही. तेव्हापासून सुमितने गावात कोणाकडे येणे-जाणे सोडले आहे.

८) सबब विनंती, की ‘कुटुंबाची संमती’ हे शब्द खोडावेत. ते नियमात बसत नसेल, आणि बसणार नाही हे अर्जलेखकाने सांगितलेले आहे, तर संमती सुमितची नव्हे, अर्जदाराची होती असे नावानिशी लिहून अर्जदारावर ठपका ठेवावा. शिक्षा काय ते साहेबांनी ठरवावे.

सोबत : वहीच्या तीन पानांची नक्कल, आपल्या पत्राची प्रत.

उत्तर अर्जदाराच्या नावे पाठवू नये. सौ. ताईबाई कोंडिबा ओव्हाळ या नावे, शिक्क्यासह पाठवावे. फोनवरचे आपले उत्तर तिला सांगायचा अर्जदाराने चार महिने प्रयत्न केला, तोंडातून शब्द फुटत नाही. ताईबाई साक्षरता वर्गात वाचायला शिकली आहे. सरकारी कागद ती सावकाश, बोट ठेवून, दोनदा वाचते. तिचे वाचून होईपर्यंत अर्जदार तिच्यासमोर बसून राहील.

आपला नम्र व कसूरदार,
कोंडिबा भिवा ओव्हाळ

हस्ते : पोपट दगडू साळवे, अर्जलेखक
शिरूर, दि. १६ नोव्हेंबर २००४