बादलचे ठोके

९ जाने. ७४, बुध.
सकाळी कळमेश्वर रोडला, मालगुजारांच्या मैदानावर. माझ्या धाकट्या भावाने, बंडूने, त्यांच्या शर्यतीच्या घोड्याला, बादलला, पूर्ण दौडवलं. शेवटच्या वळणावर घोडा एकदम ढिला पडला, बंडू मानेवर आपटता आपटता राहिला. मग घोडा असा चालू लागला, जसं काही झालंच नाही. तिथली रीत म्हणजे आधी घोडा फिरवायचा, घाम टिपायचा, मग घोड्याच्या डॉक्टरला, म्हणजे मला, हात लावू द्यायचा. मी छाती ऐकली तेव्हा ठोके नीट. 'थकला असेल' म्हणालो.

१२, शनि.
रीत गेली खड्ड्यात. घोडा थांबल्याथांबल्या नळी लावली. बाप रे. दोन ठोके एकावर एक, मग काहीच नाही, मग तीन घाईघाईने. ताल म्हणून नाही. उभ्या घोड्याचा एखादा ठोका गळतो, त्याचं काही नसतं, पळवला की जातं ते. हे उलटंच. फिरवून आणला, पुन्हा ऐकलं, साफ. आता कोणाला पटवू?

१६, बुध.
ECG चा बेत फसला. रामदासपेठेतला माझा मित्र, माणसांच्या हृदयाचा डॉक्टर, यंत्र गाडीत घालून आला. पण प्लग फक्त तबेल्यात. घोडा मैदानावरून तिथे आणेपर्यंत कागदावर सगळं छान, एकसारखं. मालगुजार हसले. "डॉक्टर, भाऊ बसते म्हणून तुमचंच काळीज धडधडून राहिलं." मित्रही खाली बघून हसला. मेला. पण मालगुजार खोटं काय बोलले? भीती वाटतेच. भरधाव घोडा पळतापळता कोसळला तर वर बसलेल्याचं...

१८, शुक्र.
आज नळी बंडूच्याच कानाला लावली. खाली उतरून धापा टाकत ऐकत होता. बराच वेळ. नळी परत दिली.
"आईले सांगू नको."
म्हटलं, मग रविवारच्या शर्यतीत बसत नाही म्हणून सांग मालगुजारांना.
"मी नाही म्हटलं तर दुसऱ्याले बसवतीन. त्याले तर हेही माहीत नाही."
सायकल हातात धरून दोघं फाटकापर्यंत चालत आलो.

२०, रवि.
शर्यत दुपारी. बंडू सकाळी चहाला आला. आई आत होती म्हणून हळू बोलला. "दादा, तू शेवटच्या वळणावर कठड्याजवळ उभा राह्य. तुले काही गडबड वाटली की हात वर कर, मी लगाम ओढतो. पुढं असलो की मले काही समजत नाही."
हो म्हणून बसलो.
कठड्यावरून ठोके ऐकू येत नाहीत. घोडा ढिला पडलेला दिसेल तोवर उशीर झालेला असेल. आणि उगाच हात वर केला, घोडा धडधाकट निघाला, तर मालगुजार बोलतील ते सोडा, हा पठ्ठ्या पुन्हा कधी माझं ऐकणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा शर्यत आहेच.
आईने आत्ता विचारलं, "काहून जेवून नाही राहिला?" भूक नाही म्हटलं.
रिक्षा आली वाटतं. हात वर करायचा की नाही, अजून ठरत नाही.