शून्याचं टोक

आर्नहेम
रविवार, १७ ऑक्टोबर २०२१

ती. बाबांना चैत्रालीचा सा. न. वि. वि.

काल जंगलात जाऊन आले. वृत्तांत असा:

१. सकाळी ८.४० ला घर सोडलं. बसने पन्नास मिनिटं, पुढे तीन किलोमीटर पायी. बसमध्ये मास्क, रानात नाही.

२. तापमान ९ अंश. पाऊस नाही.

३. जंगल जुनं आहे. आसपासची गावं सहाशे वर्षं ते मिळून राखत आली, असं कडेच्या फलकावर लिहिलं आहे. इथली बरीच जंगलं कोणीतरी रांगेत लावलेली असतात. हे तसं नाही. झाडं वाकडी आहेत.

४. कडेला मी बूट काढले. ठरवून नाही. मोजे ओले झाल्यावर लक्षात आलं. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजींनी पाय दुखतात का, असं विचारलं. नाही म्हणून सांगितलं.

५. सर्वांत मोठं झाड बीचचं. खोड राखाडी, गुळगुळीत. घेर ५.८४ मीटर, जमिनीपासून १.३० मीटरवर. दोनदा मोजला, दोन्ही वेळा तोच आला.

६. त्याच झाडाखाली जेवण. पोळ्या पाच, बटाट्याची भाजी. सगळं संपलं.

७. आतून काही आणलं नाही. मोज्याला चिकटलेलं एक पान कडेला परत ठेवलं.

८. संध्याकाळी ५.१५ ला घरी.

बाकी ठीक. ऑफिसला आठवड्यातून एकच दिवस जाते. वीजवाहिन्यांवर कुठे किती भार येईल याचा हिशेब घरून करता येतो. रविवारच्या फोनची सात मिनिटं हवा, भाजी आणि तुमचा ऑक्सिमीटर यांतच संपतात, म्हणून हे कागदावर लिहिलं. पत्रातलं फोनवर काढायचं नाही हा तुमचा नियम मी पाळते आहे. तुम्हीही पाळा.

खोकला कसा आहे ते खरं लिहा.

तुमची,
चैत्राली


देवरुख
१४ नोव्हेंबर २०२१

चि. चैत्राली हिला अ. उ. आ., आणि दिवाळीचे राहिलेले आणखी थोडे.

तुझं पत्र तेवीस दिवसांनी पोचलं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हातात लाल पेन्सिल होती. चौतीस वर्षं वनरक्षकांच्या डायऱ्या तपासल्या, निवृत्त झालो तरी हाताची खोड जात नाही. रेंजर घरी बसला की घरच्यांच्या डायऱ्या तपासतो, असं तुझी आई म्हणायची, ते खरंच होतं.

कलम चार वाचून इतका हसलो की खोकल्याची उबळ आली. शेजारचा संजीव ऑक्सिमीटर घेऊन धावत आला. ९६ भरलं. त्याला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, काका, देवराईच्या कडेला चपला काढायची सवय तुम्हीच लावलीत, आता पोरीला सर्दी झाली तर कोणाला बोलणार? तू सात वर्षांची झाल्यापासून वर्षातून एकदा आपण तिथला बेहडा मोजायला जायचो. मी टेपचं शून्याचं टोक धरून उभा राहायचो आणि तू दुसरं टोक घेऊन बुंध्याभोवती पळायचीस. परत येईपर्यंत तुझी एक चप्पल गावच्या कुत्र्याने नेलेली असायची.

कलम पाचवर दोन शेरे आहेत. पहिला असा, की घेर १.३० वर का घेतलास? आपल्याकडे १.३७ वर घेतात आणि उतार असेल तर वरच्या बाजूने. तिकडची रीत वेगळी असेल, पण तू माझ्या हाताखाली शिकली आहेस.

दुसरा शेरा. पावणेसहा मीटरच्या वर घेर असलेलं झाड एकट्याने मोजायचं तर टेपचं टोक खिळ्याने बुंध्याला टोचावं लागतं. जिने मोज्याला चिकटलेलं पान परत ठेवलं, ती खिळा मारणार नाही. मग दुसरं टोक कोणी धरलं?

कलम सहा. तू आयुष्यात दोनच्या वर पोळी खाल्लेली नाहीस.

मी विचारत नाही. समासात फक्त दोन प्रश्नचिन्हं काढून ठेवली आहेत.

खोकल्याचं खरं सांगायचं तर तो कमी आहे. पण एप्रिलच्या आजारानंतर मी फाटकाबाहेर गेलेलो नाही. पायरीपासून फाटकापर्यंत अठ्ठावीस पावलं होतात, तिथे थांबतो. तेवढा परिसर पुरतो.

थंडीत डोकं झाकत जा.

तुझा,
बाबा


आर्नहेम
रविवार, ५ डिसेंबर २०२१

ती. बाबांना सा. न. वि. वि. पत्र शुक्रवारी मिळालं. ऑक्सिमीटर ९६ हे वाचून बरं वाटलं.

शेरा एक: काल पुन्हा गेले होते. १.३७ मीटरवर, उताराच्या वरच्या बाजूने घेर ५.८० येतो. दुरुस्ती करून घ्यावी.

शेरा दोन आणि कलम सहा यांचं उत्तर एकच आहे. अभिराम.

तो वाखेनिंगेनच्या विद्यापीठात मातीवर संशोधन करतो. मूळचा साताऱ्याचा. वय तेहतीस. तीन पोळ्या त्याच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी आर्नहेमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत भेट झाली. आरतीनंतर सगळे जेवायला पळाले, तेव्हा निर्माल्य घेऊन ते कुठल्या डब्यात टाकायचं याचा विचार करत तो एकटाच उभा होता. इथे ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा असतो, हे मी त्याला सांगितलं. ते त्याला माहीत होतं. पण निर्माल्य कचरा आहे का, हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी आम्ही ते त्याच्या प्रयोगशाळेच्या वाफ्यात पुरलं.

एप्रिलमध्ये तुम्हाला ऑक्सिजन लावला होता आणि इथून भारताची विमानं बंद झाली होती, ते अकरा दिवस तो रोज संध्याकाळी अठरा किलोमीटर सायकल चालवत यायचा. स्वयंपाकघरात बसून स्वतःचं काम करायचा. संजीवचा मेसेज आला की मी आकडा मोठ्याने वाचायचे आणि तो वहीत लिहायचा. तेव्हा इथे रात्री दहानंतर संचारबंदी होती, म्हणून पावणेनऊला परत निघायचा. सगळं ठीक होईल असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याला ते माहीत नव्हतं, म्हणून तो म्हणाला नाही.

त्या दिवशी जंगलाच्या कडेला मी बूट काढले, तेव्हा त्याने आधी स्वतःचे काढले आणि मग कारण विचारलं.

तुम्हाला का सांगितलं नाही, तेही लिहिते. तीन वर्षांपूर्वी लग्नाला आठ दिवस असताना मी नाही म्हटलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी पुण्याला निघून गेले आणि तुम्ही एकट्याने त्र्याऐंशी घरी जाऊन लग्न मोडल्याचं सांगितलंत. आकडा मला संजीवकडून कळला. तुम्ही त्याबद्दल मला एक शब्दही बोलला नाहीत. तुम्हाला पुन्हा कोणाच्या दारात उभं राहावं लागेल असं काही मी करणार नाही, हे तेव्हा ठरवलं. म्हणून शंभर टक्के खात्री होईपर्यंत हे सांगायचं नव्हतं. टेपमुळे सापडले.

खात्री आता आहे. तुमचं मत मात्र मला माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय मी तारीख घेणार नाही.

तुमची,
चैत्राली


देवरुख
२ जानेवारी २०२२

चि. चैत्रालीला अ. उ. आ. आणि चि. अभिरामलाही तेच. त्याच्या नावापुढे आता शाईने चि. लिहिलं आहे, खोडता येणार नाही.

माझं मत हेच.

पत्र आलं त्या दिवशी मी संजीवला स्कूटर काढायला सांगितली. तो म्हणाला, काका, कुठे? देवराईत, म्हटलं. आठ महिन्यांनी फाटक ओलांडलं. स्कूटरवरून उतरल्यावर बेहड्यापर्यंत दोनशे दहा पावलं, सगळी अनवाणी. मध्ये दोनदा थांबलो. एकदा दमलो म्हणून आणि एकदा वर हळद्या ओरडला म्हणून. घेर ४.१९ मीटर, १.३७ वर. आपण शेवटचा मोजला तेव्हा ४.१२ होता. आपण नसतानाही गडी वाढतोच आहे. संजीवला टेप ताणून धरता येत नाही. तुझी आठवण झाली ती या कारणासाठीच, दुसरं काही समजू नकोस.

आता त्र्याऐंशी घरांचं. तू आकडा बरोबर लिहिलास, पण निष्कर्ष चुकीचा काढलास. त्यातल्या एक्क्याऐंशी घरी मला चहा मिळाला आणि दोन घरी जेवण. तुझ्या वर्गातल्या सलोनीच्या आईने तर तुझ्या पाठवणीसाठी केलेले लाडू डबा भरून दिले, म्हणाल्या, करून ठेवलेत, आता खा. मला दारात उभं राहायची लाज वाटली नाही. पत्रिका वाटत होतो त्या दिवसांत मला एकाच गोष्टीची धास्ती होती, की पत्रिका छापल्या म्हणून तू तशीच उभी राहशील. तू नाही म्हणालीस त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं तू विषय टाळते आहेस, आणि तुला वाटलं मी टाळतो आहे. दोघांनीही नियम फार कडक पाळला.

तेव्हा तारीख घे. मी तिकडे येण्याचं मात्र मनात आणू नकोस. अठ्ठावीस पावलांच्या माणसाने विमानात बसू नये. त्यात ही नवी लाट. कुठे तरी अडकलो, खोकलो, तर तुमच्या आनंदात विघ्न. फोटो पाठवा. मी इथे बेहड्यापाशी जाऊन दोन अक्षता टाकीन.

अभिरामला विचार, आपल्या जांभ्याच्या मातीवर बीच रुजेल का. माझ्या मते नाही. पण त्याचं उत्तर ऐकायचं आहे.

दोघांवरही लोभ आहे. किती, ते मोजलेलं नाही.

तुझा,
बाबा


आर्नहेम
रविवार, ३० जानेवारी २०२२

ती. बाबांना सा. न. वि. वि. अभिरामचाही नमस्कार. त्याने स्वतः लिहायला घेतलं होतं, पण दुसऱ्या ओळीत मातीच्या आम्लतेवर घसरला. तो कागद सोबत जोडला आहे. त्याचं उत्तरही नाही असंच आहे, फक्त सव्वा पान लांब आहे.

त्र्याऐंशी घरांविषयी तुम्ही लिहिलंत तो परिच्छेद मी उभ्यानेच वाचला. नंतर बसले.

तारीख मिळाली आहे: शुक्रवार, ६ मे. खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, सकाळी अकराला नोंदणी. तिथून सरळ त्या जंगलात. तेव्हा बीचला नवी पालवी असते.

तुमच्या न येण्याच्या कारणांवर माझे शेरे. लाल पेन्सिल नव्हती, निळ्या पेनाने लिहिते.

१. अठ्ठावीस पावलं हा नोव्हेंबरचा आकडा आहे. डिसेंबरचा, तुमच्याच अक्षरात, दोनशे दहा आहे. जुना आकडा वापरून अहवाल देऊ नये, हे तुम्हीच शिकवलं आहे.

२. गाडी थांबते तिथपासून त्या झाडापर्यंत अभिरामची तीनशे चाळीस पावलं होतात. तो उंच आहे. तुमची सव्वाचारशे धरावीत. वाटेत दोन बाक आहेत. कुठला पक्षी ओरडेल याची हमी देता येत नाही.

३. दोन्ही विमानतळांवर चाकाची खुर्ची मागून ठेवीन. लसीचं सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे. तुमच्या डॉक्टरांशी मी शुक्रवारी बोलले. प्रवासाला हरकत नाही, पण चालणं रोज वाढवा, असं त्यांनी सांगितलं. तुम्हाला न विचारता फोन केला, याची नोंद करते.

४. तुम्ही खोकलात तर आम्ही थांबू. विघ्न या सदरात ते बसत नाही.

एवढं लिहून झाल्यावर अभिरामने वाचलं. मुद्दे सगळे बरोबर आहेत, पण तू त्यांना बोलावलंच नाहीस, असं तो म्हणाला. मी पुन्हा वाचलं. त्याचं बरोबर आहे. आजवर मी तुमच्याकडे काहीच मागितलेलं नाही. शिक्षणाचं कर्जसुद्धा बँकेकडेच मागितलं. म्हणून आता स्पष्ट लिहिते.

बाबा, तुम्ही या. मला तुम्ही तिथे हवे आहात.

त्या दिवशी दुपारी आम्ही ते झाड पुन्हा मोजणार आहोत, १.३७ वर. अभिराम टेप चांगला ताणतो, पण शून्याचं टोक धरायला तो तयार नाही. ती जागा भरलेली आहे, असं त्याचं म्हणणं. बूट काढावे लागतील. जाड मोजे मी घेऊन ठेवले आहेत, तुमच्या मापाचे, नऊ नंबर.

तुमच्या व्हिसासाठी निमंत्रणाचा फॉर्म मला खेमेंतेतून शिक्का मारून घ्यावा लागतो. त्याची अपॉइंटमेंट मंगळवार, १ मार्चला आहे. हे पत्र तुमच्या हातात पडायला तीन आठवडे लागतील, आणि पत्राचं उत्तर तोवर इथे पोचणार नाही. म्हणून या एका बाबतीत नियम बाजूला ठेवावा.

कृपया रविवार, २७ फेब्रुवारीपर्यंत उत्तर द्यावं. फोनवर चालेल.

तुमची,
चैत्राली