पंपाचा फ्यूज

बाबा,

गाडीचा सेल्फ फिरेल, पण इंजिन सुरू होणार नाही. उगाच सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरेल. टाकीत पेट्रोल आहे, प्लगही ठीक आहेत. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज मी काढून ऑफिसला नेला आहे. चाळीस वर्षं तुम्ही लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्यात. किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखाली पंपाची घरघर आली नाही, की तुम्हाला पाच मिनिटांत कळेलच. म्हणून आधीच सांगते.

काल शाळेसमोरचा लाल सिग्नल तुम्हाला दिसला नाही, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. एक बाई मुलीला ओढून मागे सरकली म्हणून निभावलं. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "आज रस्त्याला गर्दीच नव्हती."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्या दहाला जायचं आहे, मी रजा टाकली आहे. रागवायचं असेल तर संध्याकाळी रागवा, सहापर्यंत येतेच.

हॉर्नचा फ्यूज त्याच मापाचा असतो आणि पंपाच्या जागी चालतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. तो मी मुद्दाम काढलेला नाही.

— धाकटी