एका पायावर

४ मार्च
योगाच्या वर्गात आज तिसऱ्यांदा तोल गेला. गेला तो थेट शेजारच्या पोस्टातल्या बाईंच्या अंगावर! वृक्षासन म्हणे. एका पायावर उभं राहायचं, बस्स. शिक्षिका म्हणाल्या, "समोर एक ठिपका धरा, नजर हलवू नका." धरला. ठिपक्यात सासूबाई दिसायला लागल्या – पाणी हाताशी ठेवलंय ना मी?

६ मार्च
कंबर पुन्हा धरली. सासूबाईंना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, तिथून परत पलंगावर. पाच महिने हेच. खुब्याचं हाड जुळलंय, चालायला हरकत नाही, असं डॉक्टर सांगून थकले. ह्या म्हणतात, "पायाचा भरवसा वाटत नाही गं." आणि दोन्ही हात माझ्या गळ्यात. अख्खं वजन!
हे म्हणाले, "एवढं दुखतंय तर योग कशाला?" दुखतंय ते योगाने होय? हसावं की रडावं!

७ मार्च
शवासन दहा मिनिटं. मला दोनसुद्धा जमत नाहीत. सगळ्या गाढ, आणि मी छताचे पोपडे मोजतेय.

११ मार्च
चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी. गिऱ्हाईकाला म्हटलं, "खालची ओळ वाचा," आणि काउंटरमागे हळूच एक पाय उचलला. नऊ आकडे टिकले!
घरी येऊन सासूबाईंसमोर करून दाखवलं. म्हणाल्या, "तळवा घट्ट लाव मांडीला. सैल पडतोय." पडल्या पडल्या सगळं कळतं ह्यांना! डोकंच फिरलं.

१४ मार्च
लिहून काढते.
शिक्षिकांना ताप, वर्ग नाही. अर्ध्या वाटेतून परतले. हे पहाटेच कामावर गेलेले. दार उघडलं – सासूबाई कपाटाच्या आरशासमोर. उभ्या! एक पाय वर, तळवा मांडीला, एक बोट तेवढं कपाटाला टेकलेलं. आरशातून माझ्याकडे बघितलं, पाय सावकाश खाली ठेवला. डगमगल्यासुद्धा नाहीत.
"कधीपासून?"
"झाला दीड महिना. तू वर्गाला गेलीस की करते."
दीड महिना! आणि रोज मी त्यांना उचलतेय! काय काय बोलले आठवत नाही. बरंच बोलले. त्या पलंगाच्या काठावर बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरी झाले की थोरल्याकडे जायचं ठरलंय ना. खोली मोठी आहे तिथे, सगळं आहे. पण दिवसभर कुणी हाक मारत नाही गं. तू निदान ओरडतेस तरी."
दुकानात दोनदा चुकीचा चष्मा दिला.

१५ मार्च
आज सासूबाईंना उचललं नाही. भिंत धरून आपल्या आपण बाथरूमला गेल्या, हे यायच्या आत पलंगावर. ह्यांना मी काही सांगितलं नाही. का नाही – कोण जाणे.

१६ मार्च
थोरल्या दिरांचा फोन. "आई चालायला लागली का? गाडी घेऊन येऊ?" हे आंघोळीला गेलेले. सासूबाई डोळे मिटून पडून, पण कान इकडेच.
म्हटलं, "नाही हो भाऊजी. अजून पाय टेकवत नाहीत."
फोन ठेवला. "उठा," म्हटलं, "चहा तुम्ही टाका."