डाव्या सीटवर

४ ऑगस्ट, सोमवार

आज सेंटरमध्ये ध्यानाचा पहिला क्लास. डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणून गेले, नाहीतर मी आणि ध्यान. इतकी वर्षं शंकर नगरच्या बायकांना कार शिकवली, गाडीला साधा ओरखडा नाही. आणि मेंदूला मार लागला तो एप्रिलमध्ये घरच्या स्टुलावरून पडून, कूलरच्या गवताच्या ताट्या बदलताना. भेटायला येणाऱ्या सगळ्यांना हेच सांगते. ते हसतात, मीही हसते. रात्री मात्र झोप येऊन नाही राहिली. डोळा लागतो न लागतो तोच धडधडून जाग.

शिकवणारी श्रद्धा दीदी माझ्या लेकीपेक्षा, मनूपेक्षा, थोडीच मोठी असेल. म्हणाली, लेट जाइए, पैरों पर ध्यान दीजिए. दिलं. तर उजवा पाय चटईत गच्च रुतवलेला. ब्रेकवर. झोपल्या झोपल्या मी कोणाची तरी गाडी थांबवून राहिले होते. सोडायचा म्हटलं तर सुटेना.

शेजारच्या चटईवरचे काका घोरायला लागले. हेवा वाटला.

७ ऑगस्ट

श्रद्धा दी.नं तिच्या आवाजातलं रेकॉर्डिंग फोनवर पाठवलंय. दुपारी एकदा ऐकायचं, मग झोपताना.

दुपारी ऐकलं. "साँस आ रही है, साँस जा रही है." माझ्या डोक्यात: गॅस बंद केला का, मनूचा डबा, माझ्या ड्रायव्हिंग क्लासचा बोर्ड अजून तसाच लटकतोय, प्रमोद मिलवरून, उरल्याहून निघाला का, त्या रस्त्यावरचे ट्रक... ट्रकवर अडकले. छाती इतकी उडायला लागली की उठून नवऱ्याला फोन लावला. तो मिलमधल्या त्याच्या खुर्चीतच, चहा पिऊन राहिला होता.

"अगं, आत्ताशी दुपार झाली," म्हणाला. मग जरा थांबून, "बरी आहेस ना?"

बरी आहे म्हटलं. काय सांगणार.

८ ऑगस्ट

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी विचारलं, दुपारी दार लावून काय करून राहिली. सांगितलं. तर म्हणाल्या, "मी बी बसतो तुयासंगं. एकटीले भेव वाटत असन."

बसल्या. फोनमधली दी. म्हणाली, देखिए, अभी आपकी साँस कैसी है. आई म्हणाल्या, "बरी हाये बाई." दी. म्हणाली, कंधे ढीले छोड़ दीजिए. आई म्हणाल्या, "उजवा दुखते, सोडत नाई." मी हसत सुटले. फोन बंद करावा लागला. डोकं दुखेपर्यंत हसले. पडल्यापासून इतकी पहिल्यांदाच.

१२ ऑगस्ट

शब्द अजून पळतात. आज मनूला म्हटलं, गिअरमधून दही काढ. ती शांतपणे म्हणाली, "मम्मी, कौन से गियर में है? फर्स्ट में देखूँ?" पोट्टी या हिंदी मुलखात वाढली, मराठीत एक शब्द बोलत नाही, पण समजतं सगळं. अगदी माझं चुकीचंही.

१४ ऑगस्ट

क्लासमध्ये डोळे मिटले आणि एकदम स्टुलावरून पडायला लागले. खरंच तसं वाटलं, खाली फरशी येऊन राहिली. उठून बसले. घाम. बाकीचे सगळे शांत पडलेले. आपण यातही नापास, असं वाटून रडू आलं.

दी. जवळ येऊन बसली. म्हणाली, "तो आँखें बंद मत कीजिए ना. किसने कहा ज़रूरी है? खिड़की देखिए, पंखा देखिए. जितना हो पाए, बस उतना."

"और मन भागे तो?"

"भागेगा. डाँटना नहीं है. धीरे से वापस ले आना."

घरी येताना ऑटोत लक्षात आलं, गाडी बाजूला ओढली गेली की मी बायकांना हेच सांगत होते. झटका मारू नका, हळू सरळ करा. एखादी घाबरून हँडल फिरवायचीच, तर तिच्यावरही कधी ओरडले नाही. स्वतःवर बारा महिने ओरडते.

१८ ऑगस्ट

प्र.नं आज गाडीचा विषय काढला. भिलाईचा एक जण ड्रायव्हिंग स्कूल काढून राहिला आहे, त्याला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असलेली, दोन ब्रेकवाली गाडी हवीय. आपली एप्रिलपासून कव्हर घालून गेटपाशी उभी.

"उभ्या उभ्या खराब होऊन राहिली, वर्षा."

मी त्याला भाजी वाढली.

"परत त्या सीटवर बसशील का तू? खरं सांग. बसणार असशील तर मी विषयच काढत नाही."

शिकवणं गेलं तर मी सकाळी उठून नेमकी कोण, हे त्याला कसं विचारू. तो वाईट बोलला नाही. भाजी छान झाली म्हणाला. भाजी आईंनी केली होती.

झोप: नाही.

२० ऑगस्ट

दुपारी बसलो. आता डोळे उघडे, समोर तुळशीची कुंडी. आज श्वास बराच वेळ सापडला. पोटाशी होता.

मध्येच आई म्हणाल्या, "गाडी विकाची हाये म्हनते पम्या."

"हो, बघतोय."

"मंग आधी मले शिकव."

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं.

"मले. गाडी. शिकव. पुरा पारा, सारा मोहल्ला तुयाकून शिकला, मी घरचीच राह्यलो."

"आई, इतक्या वर्षांत बोलल्या नाहीत कधी."

"कोनी इचारलं काहून नाई?"

सत्तरी जवळ आली त्यांची. यवतमाळकडून आल्या तेव्हा सायकलही येत नव्हती. फोनमधली दी. तेवढ्यात म्हणाली, जो भी विचार आए, उसे आने दीजिए.

२१ ऑगस्ट

दी.ला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "हव, पहले खड़ी गाड़ी में बैठिए. चाबी घर पर. वहीं पे अपना अभ्यास कीजिए." चलाना नहीं, असं बोट दाखवून दोनदा म्हणाली.

२३ ऑगस्ट, पोळा

कव्हर काढलं. आई ड्रायव्हरच्या सीटवर, मी डावीकडे. किल्ली प्र.च्या खिशात. दार लावलं आणि तळहात ओले. तो सीटचा वास. पाय आपोआप माझ्या ब्रेकवर. आईंनी फोन मांडीवर धरला, दी. बोलायला लागली. पाठीला सीट लागतेय, मांड्यांना सीट लागतेय. एवढंच बघत राहिले. भीती होती. गेली नाही. पण ती एका बाजूला, मी एका बाजूला, असं काहीतरी.

समोरचे शर्माजी फाटकावर येऊन उभे. मग काचेपाशी आले. "भाभीजी, सब ठीक तो है?"

आई म्हणाल्या, "ध्यान चल रहा है भैया." ते चपला न वाजवता गेले.

२७ ऑगस्ट

गणपती आला आमच्या गल्लीत, पुढे धुमाल पार्टीचे ढोल-ताशे. मागे नुसत्या ढोलानंही कानावर उशी घेऊन मोरीत बसले होते. आज आईंसोबत फाटकाशी उभी राहिले. धुमाल जवळ आलं तसं डोळ्यांच्या कडेचं सगळं पांढरं झालं. आत जाऊ का? थांबले. आवाज पायातून येतो आहे, छातीत वाजतो आहे, हे बघितलं. माझ्या छातीतलं कुठलं आणि धुमालचं कुठलं, ते काही वेळ वेगळं काढताच येईना. आरतीपर्यंत नाही टिकले, आत येऊन पडले. पण मोदक खाल्ले.

प्र. उशाशी बसला. "थांबलीस की बराच वेळ," म्हणाला. धुमालचे लोक माझ्याकडेच बघून वाजवत होते, असंही म्हणाला. खोटं.

२ सप्टेंबर

डॉक्टर. मी स्वतः गाडी चालवायची नाही, अजिबात. विद्यार्थी नाही, एवढ्यात नाही. मी आईंचं विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आपकी सास?"

"जी."

"सास सीखेंगी और बहू ब्रेक पर?"

प्र. हसायला लागला, मग डॉक्टर. पण नीट बोलले. रिकामं मैदान, गाडी पहिल्या गिअरमध्ये, नवरा सोबत, डोकं जड वाटलं की तिथंच बंद. पुढच्या तपासणीत बघू म्हणाले. झोपेचं विचारलं. सांगितलं, कधी येते, कधी नाही. ध्यानानं सगळं बरं होतं असं नाही, पण नाही आली की पूर्वीसारखी मी तिच्याशी भांडत नाही. "ये भी बहुत है," म्हणाले.

१३ सप्टेंबर

साडीचा घोळ क्लचमध्ये अडकेल म्हणून आई मनूला घेऊन पंडरीच्या कापडबाजारात गेल्या. जन्मातली पहिली सलवार. पोपटी. दुकानदारानं विचारलं, किसके लिए, माताजी? मनू सांगून राहिली होती, "दादी बोली, ड्राइवर के लिए."

प्र.नं घरात आईला सलवारीत बघितलं आणि चष्मा काढून पुसला.

१४ सप्टेंबर, रविवार

मैदान. तिथवर प्र.नं चालवली. तो माझा सगळ्यात वाईट विद्यार्थी, अजूनही क्लचवर पाय ठेवून चालवतो. आज काही बोलले नाही.

मग जागा बदलल्या. तो मागे. आई स्टिअरिंग असं धरून, जसं कोणी हिसकावून नेणार आहे. माझ्या मानेत कळ, हात गार. म्हटलं, आई, आधी जरा बसू. तिघंही बसलो. फोन नाही, काही नाही. श्वास येऊन राहिला, जाऊन राहिला. मागे प्र.चाही ऐकू आला.

"आता क्लच हळूहळू सोडा. हळू म्हणजे अजून हळू."

धक्का. बंद.

पुन्हा. धक्का. बंद. प्र.चं डोकं माझ्या सीटवर आपटलं. तो म्हणाला, "एका घरात एकच डोकं बास." कितीतरी वेळ आम्हाला पुढे जाताच आलं नाही, हसूनच.

मग गाडी निघाली. चालण्यापेक्षा जरा जास्त वेग असेल. आई नाकासमोर बघून म्हणाल्या, "चालून राह्यली का रे पम्या?"

"चालून राहिली आई."

एक कुत्रं समोर आलं. मी ब्रेक दाबला. आपोआप, वेळेवर, फार जोरात नाही. गाडी थांबली, कुत्रं निवांत गेलं. भीती वाटली. पण नंतर.

घरी येऊन आडवी झाले. उठले तर संध्याकाळ. दुपारची अशी झोप किती दिवसांनी.

१९ सप्टेंबर

काल रात्र पुन्हा वाया गेली. काही कारण नाही. छातीत धडधड, मग पाय, मग श्वास, मग पुन्हा धडधड. पहाटे उठून चहा केला. रविवारी सगळं जमलं म्हणून आता जमतच राहणार, असं धरून बसले होते बहुतेक. दी.ला मेसेज केला. तिचं उत्तर: हव, ऐसा होता है. आज बस बैठिए.

भिलाईवाला या रविवारी येणार. प्र. म्हणाला, "नाही सांगू का त्याला?" मी म्हटलं, येऊ दे. गाडी बघू दे. रविवारी मला काय वाटेल ते आज कसं सांगू. तपासणी महिनाअखेर. तोपर्यंत डॉक्टरांनाही माहीत नाही, मला तर नाहीच.

आई मघापासून बाहेर आहेत, पोपटी सलवार घालून, गाडीत जाऊन बसल्या आहेत. आत्ता हॉर्न वाजवला. छातीत एकदा जोरात उडालं. परत वाजवून राहिल्या. जाते.