चिठ्ठीला दोन भोकं

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे तिकडे बरे असाल असं धरून चालते. इकडे आईचा खोकला उतरला आहे. झोप मात्र लागत नाही. "घराला डांबरगोळ्यांचा वास येत नाही, दुसऱ्याच्या घरी निजल्यासारखं वाटतं," म्हणते. याच वासावरून ती बाबांशी चाळीस वर्षं भांडली.

बाबांचं कपाट आवरून झालं. कीटक पकडायची जाळी, दोन भिंगं आणि जुना कॅमेरा तुझ्यासाठी बाजूला ठेवला आहे. लेन्सला आतून बुरशी लागली आहे. ती निघेल असं मला वाटत नाही.

दीड महिन्यापूर्वी तू पोहोचलीस तेव्हा बाबांचं सगळं आटोपलं होतं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत आपण कपाटाच्या किल्ल्यांबद्दल बोललो. मला दुसरं सांगायचं होतं. आत्ताही तेच टाळण्यासाठी मी बुरशीबद्दल लिहिते आहे.

माझं संग्रहालयातलं काम तुला नीट माहीत नाही, म्हणून ते आधी सांगते. प्रत्येक वाळवलेला कीटक एका टाचणीवर असतो. त्याच टाचणीत, त्याच्या पोटाखाली, नखाएवढी चिठ्ठी ओवलेली असते : कुठे सापडला, कधी, कुणाला. चिठ्ठी नसेल तर कीटक कितीही देखणा असो, अभ्यासाला कवडीमोलाचा. मी त्यांचे फोटो काढते. एका भुंगेऱ्याचे साठ, प्रत्येक वेळी भिंग केसभर पुढे सरकवून. मग ते साठ जोडून एक स्पष्ट चित्र होतं. चिठ्ठीचाही फोटो लागतो, म्हणून ती टाचणीवरून उतरवावी लागते. नियम एकच आहे. टेबलावर एका वेळी एकच कीटक. फोटो काढायचा, चिठ्ठी जुन्याच भोकातून परत ओवायची, मग पुढचा.

बाबांनी आपला सगळा कीटकसंग्रह आमच्याकडे दिला, तेव्हा मला नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि नेमणूक कच्ची होती. एका भुंगेऱ्याला वीस मिनिटं लागत. ती वीस मिनिटं वाया जातात असं मला वाटलं. म्हणून पहिला कॅमेऱ्याखाली असतानाच मी दुसऱ्याची चिठ्ठी उतरवून ठेवायला लागले. फोन आला नव्हता, कुणी हाक मारली नव्हती. तसं काही असतं तर लिहिलं असतं.

डोंगरावरच्या झऱ्याचा तो हिरवा भुंगेरा आणि बाजारामागच्या उकिरड्यावरचा एक साधा हिरवा, असे दोन त्या दिवशी टेबलावर होते. दोघे अकरा मिलिमीटर. चिठ्ठी परत ओवताना टाचणी जाड निघाली, जुनं भोक बारीक. मी शेजारी नवीन भोक पाडलं. तिथेच थांबायला हवं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण एका बाजूने. बाहेरचे तज्ज्ञ आले. झऱ्यावरचा दुर्मीळ भुंगेरा उकिरड्याच्या चिठ्ठीवर आणि उकिरड्यावरचा झऱ्याच्या. "या गृहस्थांनी घरी बसून पत्ते लिहिलेत की काय?" म्हणाले. बाबांच्या अकराशे सेहेचाळीस कीटकांच्या प्रत्येक पेटीवर 'स्थळ संशयास्पद' असा लाल कागद लागला.

त्याच आठवड्यात मी जुन्या फाइल्स उघडल्या. पेटी आली त्या दिवशी, काहीही हलवण्याआधी, मी वरून एक फोटो काढला होता. मोठा करून पाहिला. झरा झऱ्यावर होता, उकिरडा उकिरड्यावर. मी फाइल बंद केली आणि डबा खाल्ला.

विभागप्रमुखांनी बाबांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून किती वेळ बसले होते, ते मी मोजलं नाही. पिवळ्या पडलेल्या कागदावर नव्या भोकाची कड पांढरी दिसते, ताई. चाळीस वर्षं चिठ्ठ्या ओवलेल्या माणसाला ती दिसली नसेल, असं होत नाही.

"वय झालं," ते म्हणाले. "माझ्याच हातून झालं असेल."

"होतं असं, काका," विभागप्रमुख म्हणाले. "तेवढं लिहून द्या म्हणजे झालं."

त्यांनी लिहून दिलं. जिन्यात मी त्यांच्या मागे होते. वळून न बघता त्यांनी विचारलं, "तुझी नेमणूक पक्की कधी होते गं?"

"दोन महिन्यांनी."

"बरं," म्हणाले, आणि कठडा धरून उतरत राहिले.

मग तू आलीस. तुझा शब्द न् शब्द मला पाठ आहे. "बाबा, तो मी पकडलाय! तुम्ही खाली थर्मास उघडत बसला होतात. घसरून हनुवटीला तीन टाके पडले माझ्या, तरी मूठ सोडली नव्हती!" आणि बाबा म्हणाले, "ते दुसऱ्या कुठल्या दिवशीचं असेल, बाळ." तू म्हणालीस, "म्हणजे मी वेडी? की तुम्ही मुळात खोटारडे?" ते वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. तू माझ्याकडे वळलीस : "तू तरी सांग. तुम्हा लोकांना कळतं ना यातलं?" मी म्हणाले, "चिठ्ठीवर असतं तेच आम्ही मानतो."

हे वाक्य मी आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. म्हणून ते जास्त वाईट.

त्यानंतरची चार वर्षं तू आली नाहीस, आणि बाबांनी जाळी खाली काढली नाही. शेवटच्या वर्षी माझ्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीत एका कुंभारीण माशीने मातीचं घरटं घातलं. ते खुर्ची लावून रोज बघायचे. मातीची गोळी घेऊन ती किती मिनिटांनी परत येते, हे तोंडाने पुटपुटायचे. मी कॅमेरा दिला तर सुंदर फोटो काढले; पाय पोटाशी घेतलेली, गोळी जबड्यात. मी विचारलं, "तारीख घालू?" म्हणाले, "नको. लिहिलं की कुणी तरी विचारतं." तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. नेमणूक पक्की होऊन तीन वर्षं झाली होती. मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलली.

सोमवारी मी विभागप्रमुखांना तो पेटीचा फोटो आणि माझं लेखी निवेदन दिलं. त्यांनी एवढंच विचारलं, "चार वर्षं?" आता चौकशी होईपर्यंत मी संग्रहाला हात लावायचा नाही. ते योग्य आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, रविवारी सांगेन.

अडचण अशी आहे की बाबांची सही असलेली कबुली कागदोपत्री आहे, आणि ती मागे घ्यायला बाबा नाहीत. माझ्या फोटोने चिठ्ठ्या बदलल्याचं सिद्ध होतं. पण मूळ चिठ्ठी खरी होती, हे त्या दिवशी झऱ्यावर असलेलं माणूसच सांगू शकतं. म्हणून तुझ्याकडून चार ओळी हव्यात : कोणता दिवस, कोणती जागा, भुंगेरा कुणाच्या मुठीत होता. तुझी सही. पत्ता सोबतच्या पाकिटावर लिहिला आहे. त्या ओळी विभागप्रमुखांनाच पाठव. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मी वाट बघणार नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

माफी मागायची तर ती बाबांची, आणि ती वेळ मी घालवली. तुला फक्त एवढंच परत करू शकते : तू त्या दिवशी अक्षर न् अक्षर खरं बोलत होतीस, आणि ते माहीत असलेली दोन माणसं त्या खोलीत मूग गिळून बसली होती. एक माझ्यासाठी. दुसरी स्वतःसाठी.

त्या दोघांतली मागे उरलेली,
तुझी धाकटी