ऑल ग्रेन, प्युअर अँड बिटर

६ फेब्रुवारी १९४४, रविवार
आजपासून रोजनिशी. माझा उत्कर्ष कसकसा झाला हे पुढे मलाच आठवायला हवं.

हेडक्लार्क विष्णुपंत ३१ मार्चला रिटायर होणार. नगर कॅम्पातल्या आमच्या सप्लाय ऑफिसात त्यांच्या खुर्चीला लायक माणूस एकच आहे, पण कॅप्टन विल्मॉटसाहेबांना वाटतं दोन आहेत. मी आणि हेमचंद्र बापट. बापट माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि टेनिस खेळतो.

काल साहेब खिडकीशी उभे राहून स्वतःशीच म्हणाले की एक पाइंट बिटर मिळाली तर मी वाटेल ते देईन. लढाईमुळे विलायती बिअर मेसमध्ये येत नाही. 'वाटेल ते' यात हेडक्लार्कची खुर्ची येते. आणि बिटर म्हणजे कडू, हे मॅट्रिकला इंग्रजीत बासष्ट मार्क मिळवलेल्याला कुणी सांगायला नको. निश्चय: साहेबांना घरी केलेली कडू बिअर पाजायची. घरगुती उद्योगांचं एक इंग्रजी पुस्तक रद्दीत मिळालं आहे. काम सोपं दिसतं.

७ फेब्रुवारी
आडते बाजारातून सातू आणले, भिजत घातले. मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, मग गरम पाण्यात तास-दीड तास मुरवायचे. या मुरवलेल्याला मॅश म्हणतात. बायकोने, प्रेमलाने, विचारलं की दारूच ना ही? टॉनिक आहे असं सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ मी लावत बसत नाही.

११ फेब्रुवारी
मोड उत्तम. ऑफिसातून आलो तर अर्ध्या सातूंची उसळ झालेली. वाया जातील असं तिला वाटलं म्हणे. उसळ बरी होती. दोनदा घेतली. प्रेमलाला पुन्हा असं न करण्याविषयी कडक समज दिली (जेवणानंतर).

२० फेब्रुवारी, रविवार
पहिला मॅश. पाण्याचं टेंपरेचर दीडशे डिग्री हवं. घरात तापाचा थर्मामीटर आहे, तो एकशे दहापर्यंतच. पण अर्धाच बुडवला तर अर्धीच उष्णता लागेल, ती दुपटीने धरायची, असा हिशेब मला सुचला. बापटला जन्मात सुचला नसता.

दुपारी १२
थर्मामीटर फुटला. काच आणि पारा मॅशमध्ये. सगळं मागच्या अंगणात खड्डा करून पुरलं. हल्ली माल हलका येतो, लढाईचे दिवस.

२७ फेब्रुवारी, रविवार
दुसरा मॅश. टेंपरेचर बोटाने बघितलं: बोट घालवत नसेल तर जास्त, सुखाने घालवत असेल तर कमी. बरोबर साधलं. पण गाळताना थेंब खाली येईना. सातू भरडायला प्रेमलाकडे दिले होते. तिने आधी कांडून साल काढली, पाखडली, आणि जात्यावर भाकरीच्या पिठासारखं मऊसूत दळलं. पुस्तकात म्हटलं आहे की सालीतूनच रस गळतो, साल नसेल तर लगदा बसतो. तसा बसला. ती म्हणाली, तुम्ही सांगितलं का साल ठेवा म्हणून? सांगितलं नव्हतं, पण समजायला हवं होतं. गाळायला घेतलेलं माझं लग्नातलं उपरणं गेलं.

५ मार्च, रविवार
तिसरा मॅश. साल ठेवली. रस सोन्यासारखा उतरला. आता कडूपणा. हॉप्स नावाची विलायती फुलं लागतात, नगरात कुठली? कडुलिंबाचा पाला टाकून उकळलं. प्रेमला म्हणाली, पाडव्याला अजून वीस दिवस आहेत. कॅम्पातल्या पाववाल्याकडून यीस्ट आणून ताबडतोब घातलं. काळाचा अपव्यय मला खपत नाही.

७ मार्च
फेस नाही. यीस्ट जुनं असावं. पाववाला लबाड.

८ मार्च
ऑफिसचा शिपाई कानिफनाथ, मिरजगावचा, त्याला सहज सांगितलं. तो म्हणाला की साहेब, उकळत्यात घातलं व्हय? मेलं की ते. आदी कोमट होऊ द्यायचं. अडाण्यांनाही कधीकधी बरोबर सुचतं. पुन्हा यीस्ट आणलं. पाववाल्याशी सौजन्याने वागलो.

१० मार्च
फेस! माठाबाहेर, चुलीपर्यंत. स्वयंपाकघरात पाववाल्याच्या दुकानासारखा वास. प्रेमला स्वयंपाक पडवीत करते आहे. मोठ्या कामात घरच्यांना थोडं सोसावंच लागतं.

१२ मार्च, रविवार
चव बघायला कानिफनाथला बोलावलं. मी स्वतः घेत नाही. ब्राह्मणाने बिअर करू नये असं कुठे वाचलेलं नाही, पण पिण्याबद्दल शंका आहे. शिवाय परीक्षक त्रयस्थ हवा. त्याने पेलाभर घेतली, मिशा पुसल्या, आणि म्हणाला की ही तर आंबील हाय. आमच्याकडं जत्रंला लई करत्यात. कडू कशापायी केली तेवढं न्हाई उमगलं.

या माणसाने जन्मात बिअर पाहिलेली नाही. त्याच्या मताला किंमत शून्य. (मीही पाहिलेली नाही, पण मी वाचलं आहे.)

१९ मार्च
गोटीसोड्याच्या बारा बाटल्या मिळवून भरल्या. गॅस भरपूर यावा म्हणून प्रत्येकीत गुळाचा खडा टाकला. एकाऐवजी तीन. ऑफिसात बापटकडे बघून हसलो. त्याने कारण विचारलं नाही.

२२ मार्च
दुपारी एकच्या सुमारास बाटल्या फुटल्या. एकीमागून एक, अकरा. बाराव्या बाटलीला प्रेमलाने बादलीत बुडवून मागच्या अंगणात नेऊन ठेवलं, तिथे तीही फुटली. कुरडयांचा डबा गेला. शेजारच्या गोजरबाई विचारायला आल्या की जपान आला का. गुणवत्ता सिद्ध झाली. फक्त काच कमकुवत.

२५ मार्च, पाडवा
वेळ उरलेला नाही. चौथा मॅश ताजा केला. तो न गाळता त्यात माठाच्या तळाशी राहिलेली बिअर ओतली, आणि बादली भरली. दाट आहे. दाट म्हणजे भारी, हे दुधालाही लागू आहे.

सोबत अर्ज. 'बिअर' हा शब्द टाळला, कारण सगळे कागद बापटच्या हातून जातात, आणि अबकारी खातंही बसलेलंच आहे. 'मॅश' हा शास्त्रीय शब्द घातला. मतलब असा: आपल्या देखरेखीखाली उन्हातान्हात राबणाऱ्या, तहानेल्या, तोंडातून तक्रारीचा शब्द न काढणाऱ्या जिवांसाठी मी स्वखुशीने ऑल ग्रेन, प्युअर अँड बिटर मॅश सिद्ध केला आहे, नमुना सोबत. हे ऑफिसरलोकांना उद्देशून. वाचून साहेबांना भरून येईल. कानिफनाथ बादली बंगल्यावर पोचवून आला.

२७ मार्च, सोमवार
विजय! साहेबांनी टेबलापाशी बोलावून सर्वांदेखत शाबासकी दिली. म्हणाले की अठराही जणांनी थेंब ठेवला नाही, बादली चाटली. मेसमधले लोक इतके मोकळे वागत असतील असं वाटलं नव्हतं. लढाईने माणूस साधा होतो. साहेबांनी विचारलं की तू हे रोज करू शकशील का? मी म्हणालो, ऑनर्ड सर. ते म्हणाले, मग तुला चार्जच देतो.

चार्ज! घरी येताना पेढे घेतले. प्रेमलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढा आनंद मी तिला कधी दिला नव्हता, हे आज कळलं. तिने गोजरबाईंपासून कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले.

३१ मार्च
विष्णुपंतांचा निरोपसमारंभ. हार मी माझ्या हाताने घातला. खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. उशी बदलावी लागेल.

१ एप्रिल, शनिवार, ऑफिसातच
ऑर्डर आली. हेडक्लार्क: एच. आर. बापट.

खाली दुसरी ओळ, माझी. क्लार्क एम. जी. टोकेकर यांची बदली खेचरांच्या लाइनीत (म्हणजे तबेल्यात), मॅशचा चार्ज.

इंग्रज लोक जनावरांच्या आंबोणालाही मॅशच म्हणतात, असं बापटने मला समजावून सांगितलं. समजावताना तो हसला नाही, हे फार लागलं. खेचरांची लाइनही विल्मॉटसाहेबांकडेच. हे मला ठाऊक होतं. अर्ज लिहिताना सुचलं नाही.

साहेबांना भेटून खरा प्रकार सांगणार होतो. दारापर्यंत गेलो. पण खरं काय सांगायचं? घरात चोरून बिअर करतो म्हणून? परत फिरलो.

३ एप्रिल, सोमवार
सकाळी सहाला हजर. अठरा खेचरं, चार बादल्या. लाइनीतला दफेदार म्हणाला की बाबूजींचा लिंबाचा पाला जंतांवर फार गुणकारी पडला, तो सोडू नका. टेंपरेचर बोटानेच बघतो. पहिल्यापेक्षा रस चांगला उतरतो आहे. थोडी सुधारणा केली तर... असो.

घरी परतताना गोजरबाईंनी दारातच गाठलं. पेढे खाल्लेच होते त्यांनी, तेव्हा विचारण्याचा हक्क होता. चार्ज कसला मिळाला म्हणून विचारलं. ट्रान्सपोर्टचा, मी म्हणालो. खोटं नाही त्यात.

माझं आंघोळीचं पाणी प्रेमलाने मागच्या दारी काढून ठेवलं होतं, आणि कोट घरात आणू नका म्हणाली.